आठ बाइटांनी अडवलेला व्हीपीएन: सांगलीतील एका घरगुती जोडणीचे प्रकरण

पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करणाऱ्या आणि आठवड्यातील काही दिवस सांगलीच्या घरून काम करण्याची मुभा असलेल्या एका मॅडमची तक्रार आमच्या नेटवर्क विभागाकडे आली, तेव्हा तिचा मजकूर नेहमीचाच वाटला: व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये जाण्याची कूटबद्ध वाट) जोडला जातो, हिरवी खूण दिसते, पण काम होत नाही. अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा मुदत संपलेला पासवर्ड किंवा दुबळे वायफाय असते. या तक्रारीत मात्र आणखी दोन तपशील होते. एक म्हणजे, घरातील बाकीचे इंटरनेट उत्तम चालत होते. मुलाचे ऑनलाइन वर्ग, चित्रपट, बँकेचे व्यवहार, कशातच अडचण नव्हती आणि वेगाची चाचणी ९० मेगाबिटच्या पुढे जात होती. दुसरा तपशील असा की, घरी नवी फायबर जोडणी येईपर्यंत हाच लॅपटॉप, याच व्हीपीएनवर, स्थानिक केबलवाल्याच्या जुन्या ब्रॉडबँडवरून विनातक्रार चालला होता.

कंपनीची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. व्हीपीएन आयपीसेक या कूटबद्ध पद्धतीचा असून जोडणी आयकेईव्ही२ या नियमावलीनुसार होते. कर्मचाऱ्यांच्या घरी राउटरमागे खासगी पत्ते असल्यामुळे कूटबद्ध पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, यूडीपी या साध्या पाठवणी-पद्धतीच्या ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, आणि कूटीकरणासाठी एईएस-जीसीएम ही पद्धत वापरली जाते. कंपनीच्या अंतर्गत पत्त्यांकडे जाणारी रहदारी तेवढी टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या कूटबद्ध वाटेने, जाते, बाकी सारे थेट घरच्या लाइनवरून. ईआरपीचा, म्हणजे कंपनीचे हिशोब ज्यात ठेवले जातात त्या प्रणालीचा, सर्व्हर आणि सामायिक फोल्डरांचा सर्व्हर दोन्ही लिनक्सवर आहेत. सांगलीच्या घरी फायबरवाल्याने दिलेला एकच डबा आहे, ज्यात फायबर संपते आणि राउटरही असतो. त्या राउटरमध्ये यूजरनेम व पासवर्ड भरलेला आहे, म्हणजे लाइन पीपीपीओई प्रकारची, लॉगिन करून जोडली जाणारी, आहे. जुन्या केबल जोडणीत असे काही भरावे लागत नव्हते. मोडेमला तार जोडली की पत्ता आपोआप मिळत असे. प्रकरणाचे मूळ या फरकात होते, पण फोनवरील पहिल्या बोलण्यात त्याचा उल्लेखही नव्हता, आणि तो तिथे असावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

"काम होत नाही" म्हणजे नेमके काय होते, हे विचारल्यावर जे उत्तर आले ते मोलाचे ठरले. ईआरपीचा प्रोग्राम उघडत होता, नाव आणि पासवर्ड स्वीकारले जात होते, सुरुवातीला मेनूही दिसत होता. मात्र एखाद्या खात्याची खतावणी मागितली की चक्र फिरत राही आणि बऱ्याच वेळाने संपर्क तुटल्याचा संदेश येई. सामायिक फोल्डरमध्ये वरच्या पातळीवरील नावे दिसत, पण वर्षभराची बिले ठेवलेला फोल्डर उघडत नसे. दोन ओळींची टिपणाची फाइल उघडे, पीडीएफ उघडत नसे. आणि रजेचे अर्ज भरण्याचे अंतर्गत पोर्टल, जे एचटीटीपीएसवर चालते, ते मुळीच उघडत नव्हते. पांढरे पान आणि वर फिरणारे चक्र, एवढेच. सर्व्हरला साधा पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे चाचणी-पॅकेट, दिला तर एकही उत्तर न गळता सगळी येत होती.

यातील सूत्र आकाराचे आहे. थोडके जे आहे ते पोहोचते, मोठे जे आहे ते पोहोचत नाही. पोर्टलचे पान कोरे राहण्याचे कारणही तेच: एचटीटीपीएसच्या अगदी सुरुवातीच्या देवघेवीत सर्व्हर आपली प्रमाणपत्रे पाठवतो, ती सहसा एका पॅकेटात मावत नाहीत, त्यामुळे पानाचा पहिला शब्द येण्याआधीच गाडी अडते.

नेटवर्क विभागाकडे तक्रार येण्यापूर्वी सांगलीत बरेच काही करून झाले होते. फायबरवाल्याच्या तंत्रज्ञाने राउटर मूळ स्थितीत आणून पुन्हा बसवला होता. "व्हीपीएन पासथ्रू" या नावाखालचे सगळे पर्याय चालू करून पाहिले होते. लॅपटॉपचा पत्ता डीएमझेडमध्येही टाकला होता, म्हणजे घराबाहेरून येणारी प्रत्येक विनंती लॅपटॉपकडे वळवली होती, जे सुरक्षेच्या दृष्टीने वाईट आणि या तक्रारीच्या दृष्टीने निरुपयोगी होते. ते आम्ही आधी बंद करायला सांगितले. पासथ्रूचे पर्याय हे पीपीटीपीसारख्या जुन्या पद्धतींसाठी किंवा यूडीपीचे आवरण नसलेल्या आयपीसेकसाठी असतात, कारण त्या पॅकेटांना पोर्ट क्रमांक नसतो आणि राउटरला ती ओळखून योग्य यंत्राकडे द्यावी लागतात. ४५०० पोर्टवरून जाणाऱ्या जोडणीला त्यांची गरज पडत नाही. तरीही व्हीपीएन अडला की सर्वांत आधी हात त्याच खुणांकडे जातो, बहुधा पर्यायांच्या नावात "व्हीपीएन" लिहिलेले असते म्हणून.

तंत्रज्ञाने केलेल्या आणखी एका बदलाकडे आमचे लक्ष गेले. कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने राउटरच्या पीपीपीओई पानावरील एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाचा कमाल आकार, १४९२ वरून १४०० केला होता, आणि मॅडमच्या सांगण्यानुसार त्या दिवसापासून ईआरपीचा मेनूसुद्धा दिसेनासा झाला होता. एमटीयू कमी केल्याने त्रास वाढतो, ही नोंद आमच्यासाठी तपासाची दिशा ठरवणारी होती. हा आकडा आम्ही पुन्हा १४९२ वर नेण्यास सांगितले आणि मेनू परत दिसू लागला.

इतर शक्यता भराभर वगळता आल्या. घरातील पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे होते आणि कंपनीतील १० ने, त्यामुळे दोन्हीकडे एकच पत्ता असल्याचा नेहमीचा घोळ इथे नव्हता. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ च्या पट्ट्यातील होता, म्हणजे सेवा पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले होते. घरातून बाहेर जाणाऱ्या जोडणीला त्याने बाधा येत नाही. काही वेळ काही न करता बसल्यावर जोडणी तुटते, असेही होत नव्हते. तसे असते तर राउटर आपली यूडीपीची नोंद लवकर पुसतो का, ते पाहिले असते.

यानंतर दोष कुठल्या बाजूला आहे ते वेगळे करणारी एक चाचणी हवी होती. फोनवर झालेला संवाद असा:

"मॅडम, घरचं वायफाय बंद करा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच खतावणी मागा."

"सर, यावर लगेच आली. पीडीएफपण उघडतेय. म्हणजे राउटरच खराब आहे ना? बदलून मागू का?"

"इतक्यात नको. राउटरमधून नेमकं किती मोठं पॅकेट बाहेर पडतंय, ते आधी मोजू."

हॉटस्पॉटवर चालते म्हणून राउटर दोषी, हा निष्कर्ष घाईचा होता. चाचणीने इतकेच सिद्ध केले होते की लॅपटॉप, पासवर्ड आणि सर्व्हर ठीक आहेत आणि फरक मार्गात आहे. मार्गात राउटर असतो तसा पुरवठादाराचा भागही असतो आणि कंपनीचे प्रवेशद्वारही.

विंडोजच्या पिंग आज्ञेला दोन पर्याय देता येतात: हायफन-एफ दिल्यास पॅकेटाचे वाटेत तुकडे करू नयेत अशी खूण लागते, आणि हायफन-एलपुढे आत किती बाइटांचा मजकूर भरायचा ते सांगता येते. मजकुरावर आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग व चुकांचे निरोप ज्या पद्धतीने जातात तिचे) ८ असे २८ बाइट चढतात. व्हीपीएन बंद ठेवून, घरच्या लाइनवरून एका सार्वजनिक सर्व्हरला १४७२ बाइटांचा पिंग दिला, म्हणजे एकूण १५०० बाइटांचे पॅकेट. त्यावर राउटरने तत्काळ कळवले की तुकडे करणे आवश्यक आहे पण मनाई आहे. १४६४ चा पिंग, म्हणजे एकूण १४९२, सुरळीत परतला. हॉटस्पॉटवर १४७२ चा पिंगही सुरळीत परतला. मग व्हीपीएन जोडून ईआरपीच्या सर्व्हरला तशाच चढत्या आकाराचे पिंग दिले. १४०२ पर्यंत उत्तर येत होते. १४०३ ला नाही. आणि इथे मर्यादा ओलांडल्यावर कोणताही संदेश येत नव्हता, केवळ "विनंतीची वेळ संपली" ही ओळ. व्हीपीएनबाहेर मर्यादा ओलांडली की कोणीतरी तसे सांगत होते. व्हीपीएनच्या आत पॅकेट निमूट नाहीसे होत होते.

आकडे आता जुळवता येतात. इथरनेटवर पॅकेटाची कमाल लांबी १५०० बाइट असते. १९९९ साली आरएफसी २५१६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींची क्रमांकित कागदपत्रे) नोंदलेल्या पीपीपीओई पद्धतीत प्रत्येक पॅकेटावर ८ बाइटांचे ओझे चढते, ६ पीपीपीओईचे आणि २ पीपीपीचे, म्हणून ग्राहकाच्या वाट्याला १४९२ उरतात. आमच्या व्हीपीएनमध्ये मूळ पॅकेट एका लखोट्यातला लखोटा होऊन जाते आणि बाहेरच्या लखोट्याचे वजन ठरलेले आहे: बाहेरचा आयपी हेडर २० बाइट, यूडीपी ८, ईएसपीचा (आयपीसेकच्या कूटबद्ध आवरणाचा) हेडर ८, एईएस-जीसीएमचा आरंभिक भाग ८, शेवटचे पुच्छ २ आणि सचोटीची मोहर १६, एकूण ६२, आणि लांबी ४ च्या पटीत आणण्यासाठी लागलेच तर आणखी ३ बाइटांपर्यंत भर. गेटवे, म्हणजे कंपनीकडील व्हीपीएनचे प्रवेशद्वार, बसवणाऱ्याने टनेलचा एमटीयू १४३८ ठेवला होता, गेटवेवरही आणि लॅपटॉपवरील व्हीपीएन क्लायंटच्या आभासी अडॅप्टरवरही. १४३८ आणि ६२ मिळून बरोबर १५०० होतात. हे गणित चुकीचे नव्हते. उलट एकही बाइट वाया जाऊ नये इतके ते नेटके होते. मात्र कर्मचाऱ्याच्या घरापर्यंतच्या प्रत्येक दुव्यावर १५०० बाइट मावतात, हे त्यात गृहीत धरलेले होते. केबलच्या मोडेमवर ते खरे होते, पीपीपीओईच्या फायबरवर आठ बाइटांनी खोटे. १४३० आणि ६२ मिळून १४९२ होतात, आणि १४३० मधून पिंगचे २८ वजा केले की १४०२ उरतात. चाचणीत सापडलेली सीमा नेमकी हीच.

मग याच राउटरमागून इतर सर्व संकेतस्थळे कशी चालत होती, हा प्रश्न मॅडमनीही विचारला आणि तो रास्त आहे. संकेतस्थळे ज्या टीसीपी पद्धतीने चालतात तिची जोडणी सुरू होताना दोन्ही टोके एकमेकांना एमएसएस सांगतात, म्हणजे आपल्याला एका खेपेत जास्तीत जास्त किती मजकूर पाठवावा तो आकडा. लॅपटॉप आपल्या वायफायचा एमटीयू १५०० पाहून १४६० सांगतो. पीपीपीओई हाताळणारे घरगुती राउटर सहसा वाटेतच हा आकडा खोडून १४५२ करतात, आणि समोरच्या सर्व्हरला कळतही नाही. परिणामी मोठे पॅकेट जन्मालाच येत नाही. व्हीपीएनच्या आतली टीसीपी जोडणी मात्र राउटरपाशी पोहोचते ती कूटबद्ध होऊन, यूडीपीच्या पोटात. राउटरला तिचा एमएसएस दिसत नाही, म्हणून खोडताही येत नाही. इंटरनेट झकास चालते आणि व्हीपीएन तेवढा अडतो, यात विसंगती नाही: बाकीच्या रहदारीला राउटर सांभाळून घेत होता.

राउटरवरील एमटीयू १४०० केल्यावर त्रास का वाढला, याचेही उत्तर यातच आहे. त्या आकड्याने पीपीपीओई दुव्याची रुंदी कमी झाली, टनेलमधील पॅकेटांची लांबी मात्र तीच राहिली. आतल्या पॅकेटाची सीमा १४३० वरून १३३८ वर घसरली. नंतर गेटवेवर पाहिले तेव्हा ईआरपीच्या मेनूचे उत्तर १३९६ बाइटांच्या एकाच पॅकेटात येत असल्याचे दिसले. ते आधी निसटत होते, आता अडकू लागले. "व्हीपीएन अडला तर राउटरचा एमटीयू कमी करा" हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि टनेलचा एमटीयू व राउटरचा एमटीयू यांतला भेद न सांगता दिला तर तो उलटा पडतो.

इथपर्यंतचे सर्व घरच्या बाजूने कळले. तरीही एक प्रश्न उरत होता. पॅकेट दुव्यात मावत नसेल तर पाठवणाऱ्याला तसे कळवण्याची सोय इंटरनेटमध्ये १९९० पासून, आरएफसी ११९१ पासून आहे: जिथे पॅकेट अडते तिथले उपकरण "तुकडे करणे आवश्यक" असा आयसीएमपी संदेश परत पाठवते, प्रकार ३, उपप्रकार ४, आणि त्यात पुढच्या दुव्याचा एमटीयूही लिहिते. ईआरपीचा सर्व्हर आपल्या पॅकेटांवर तुकडे न करण्याची खूण लावतो, गेटवे ती खूण बाहेरच्या पॅकेटावर उतरवतो, तेव्हा पुरवठादाराच्या केंद्रातून, जिथे पीपीपीओईचे दुसरे टोक असते तिथून, असा संदेश यायला हवा होता. तो येत नव्हता, की येऊन पोहोचत नव्हता?

हे पाहण्यासाठी कंपनीच्या फायरवॉलच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही बाजूंना एकाच वेळी पॅकेटे टिपली आणि मॅडमना एक पीडीएफ उघडायला सांगितले. बाहेरच्या बाजूचे चित्र असे होते: गेटवेकडून १५०० बाइटांचे पॅकेट सांगलीकडे जाते, काही मिलिसेकंदांत पुरवठादाराच्या एका पत्त्यावरून आयसीएमपी संदेश येतो, प्रकार ३, उपप्रकार ४, पुढील एमटीयू १४९२, थोड्या वेळाने तेवढ्याच आकाराचे पॅकेट पुन्हा जाते, पुन्हा तोच संदेश, मग दुप्पट वेळ थांबून पुन्हा. आतल्या बाजूच्या नोंदीत एकही आयसीएमपी संदेश नव्हता. फायरवॉलच्या नियमांच्या यादीत वरच्या बाजूलाच "बाहेरून येणारे सर्व आयसीएमपी बंद" अशी ओळ होती. पुरवठादार आपले काम चोख करत होता, राउटरही करत होता. सांगलीहून आलेला निरोप आमच्याच दारात टाकला जात होता. असे निरोप हरवले तरी टीसीपीने स्वतः अंदाज घेऊन पॅकेट लहान करावे, अशी पद्धत आरएफसी ४८२१ मध्ये सांगितली आहे आणि लिनक्समध्ये ती आहेही, पण मूळ मांडणीत बंद असते, आणि आमच्या सर्व्हरवर ती तशीच होती.

त्या दिवशी महिनाअखेर असल्याने आधी तात्पुरता उपाय केला: लॅपटॉपवरील व्हीपीएन अडॅप्टरचा एमटीयू १४०० केला. एवढ्यानेच खतावणी आली, कारण लॅपटॉप आता जोडणी सुरू करताना १३६० चा एमएसएस सांगू लागला आणि सर्व्हरही त्या मर्यादेत पाठवू लागला. पण हा उपाय एका लॅपटॉपपुरता होता, आणि घरी फायबर घेणाऱ्या प्रत्येकासाठी तो पुन्हा करावा लागला असता.

कायमचा बदल गेटवेवर केला. टनेलचा एमटीयू १४०० ठरवला. भर धरून बाहेरचे पॅकेट १४६४ बाइटांचे होते आणि १४९२ च्या आत २८ बाइट मोकळे राहतात. टनेलमधून जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांचा एमएसएस गेटवेनेच १३६० वर आणावा, असा नियमही घातला, म्हणजे एखाद्या लॅपटॉपवर जुनी मांडणी राहिली तरी बिघडत नाही. प्रत्येक पॅकेटामागे काही बाइट कमी जातात. लेखा विभागाच्या कामात तो तोटा कोणाला जाणवण्याजोगा नाही. बाहेरच्या पॅकेटावरील तुकडे न करण्याची खूण काढून टाकावी, असाही प्रस्ताव आला होता, पण तो स्वीकारला नाही. तुकडे झाले तर दुसऱ्या तुकड्यावर यूडीपीचा पोर्ट क्रमांक नसतो, आणि पत्ते बदलणारे राउटर, विशेषतः अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवणारी पुरवठादारांची यंत्रे, अशा तुकड्यांशी कसे वागतील याचा भरवसा धरता येत नाही.

फायरवॉलच्या नियमावर अधिक चर्चा झाली. सुरक्षा पाहणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते की आयसीएमपी बंद ठेवण्याची पद्धत लेखापरीक्षणात मान्य झालेली आहे आणि एमटीयू कमी केल्यावर हा नियम बदलण्याचे कारण उरत नाही. या मताशी मी सहमत नाही. १४०० हा आकडा आज माहीत असलेल्या लाइनींसाठी पुरेसा आहे. उद्या कोणाच्या घरी टनेलवर आणखी एक टनेल असलेली लाइन आली तर तो आकडाही अपुरा पडेल, आणि तेव्हाही निरोप दारातच टाकला जाईल. शेवटी प्रकार ३, उपप्रकार ४ एवढाच संदेश आत येऊ द्यावा यावर एकमत झाले. बाहेरून येणाऱ्या पिंगला उत्तर न देण्याचा नियम पूर्वीसारखाच राहिला.

बदलानंतर सांगलीच्या लॅपटॉपवरील अडॅप्टरचा हाताने घातलेला आकडा काढून टाकला, म्हणजे चाचणी गेटवेच्या बदलाचीच होईल. खतावणी, बिलांचा फोल्डर, रजेचे पोर्टल, सगळे उघडले. राउटर बदलून घेण्याची मागणी मॅडमनी मागे घेतली; त्यावरील एमटीयू १४९२ आहे आणि तोच योग्य आहे. याच सुमारास इचलकरंजी आणि बारामतीहून घरी काम करणाऱ्या दोघांच्या "व्हीपीएन फार मंद आहे" अशा जुन्या, उत्तर न मिळालेल्या तक्रारी पुन्हा तपासल्या. इचलकरंजीची लाइन पीपीपीओईच निघाली आणि ती तक्रार बंद झाली. बारामतीची लाइन पीपीपीओई नाही, तिथे १५०० चा पिंग अखंड जातो, आणि तरीही संध्याकाळी सातनंतर पॅकेटे गळतात. त्या तक्रारीची नोंद वेगळी उघडली आहे.